गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलावं का? नेदरलँड्समधल्या एका वादाचा आढावा

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं ऑइल घरी बदलावं की नाही, हा वाद वरवर एकच दिसतो. त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ते ऑइल बदलायची गरज आहे का? असेल तर किती आणि कोणत्या पद्धतीनं? आणि ते काम मालकानं स्वतः हाती घ्यावं का? एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुसरा तिसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा ऐकत नाही. म्हणून या लेखात हे तीन प्रश्न वेगळे करून प्रत्येकाची आजची स्थिती मांडली आहे.

नेदरलँड्समध्ये या वादाला स्वतःचं वळण आहे. मजुरी महाग आणि तिच्यावर २१ टक्के कर, त्यामुळे घरच्या घरी काम करण्याची ओढ मोठी. पण बहुतेकांची घरं एकाला एक चिकटलेली, गाडी रस्त्यावर उभी, आणि अनेक भागांत जमिनीखाली हातभर खणलं की पाणी. आम्स्टेलवेन, आइंडहोवन, वेल्डहोवन या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली की उभा राहतो. सर्व्हिसच्या वहीत इंजिन ऑइलच्या नोंदी ओळीनं सापडतात, गिअरबॉक्सच्या रकान्यात मात्र काहीच नसतं.

आइंडहोवनचा पट्टा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा इतिहास सहसा अमेरिकेपासून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक जाहीर केला आणि तो १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत बसवला. त्याच कंपनीनं १९४९ मध्ये या कामासाठी खास ऑइलचं पहिलं प्रमाण ठरवलं. त्या काळच्या ऑइलमध्ये घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेलची चरबी वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशांच्या रक्षणाचे कायदे आले आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. डेक्सरॉन या नावाखाली या ऑइलच्या एकामागून एक आवृत्त्या निघत गेल्या त्यामागचं हे एक मोठं कारण. घर्षण सांभाळणारा घटक हा या ऑइलचा कणा आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी लागते.

नेदरलँड्सची गोष्ट मात्र निराळी आहे. हुब व्हान डॉर्ना यांनी १९२८ मध्ये आइंडहोवनला एका दारूभट्टीच्या कोपऱ्यात छोटं वर्कशॉप सुरू केलं. त्यातूनच डाफ ही कंपनी उभी राहिली. १९५८ च्या फेब्रुवारीत आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात डाफ ६०० ही छोटी गाडी लोकांसमोर आली. तिचं इंजिन ५९० सीसीचं आणि दोन सिलिंडरचं होतं, आणि बदलायला गिअर एकही नव्हता. व्हेरिओमॅटिक नावाच्या या व्यवस्थेत व्ही आकाराच्या कप्प्यांवर रबरी पट्टे फिरत. कप्पीचे दोन भाग जवळ-दूर सरकले की पट्ट्याचा व्यास बदले आणि वेगाचं प्रमाण आपोआप साधलं जाई. ज्यांनी ऐंशीच्या दशकातली कायनेटिक होंडा चालवली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिच्यात हातानं दाबायचा क्लच नव्हता, बदलायचा गिअर नव्हता, आणि तत्त्व हेच होतं.

या रबरी पट्ट्यांना ऑइल म्हणजे शत्रू. थेंब लागला की पट्टा घसरणार. म्हणून डाफच्या मालकाच्या देखभालीत पट्ट्यांना महत्त्व होतं. तिथे ऑइलचा संबंध फक्त शेजारच्या लहानशा गिअरपेटीपुरता. पुढे व्हान डॉर्ना यांनी रबराऐवजी पोलादी पट्टा मनात घेतला. त्यासाठी १९७२ मध्ये व्हान डॉर्नाज ट्रान्समिसी ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिचं काम टिलबर्गला रुजलं. या पट्ट्यात सुमारे चारशे पातळ पोलादी तुकडे एकमेकांना ढकलत शक्ती पुढे नेतात आणि दोन्ही बाजूंच्या पातळ कड्यांच्या थरांनी ते एकत्र धरलेले असतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुबारू जस्टी, फियाट उनो आणि फोर्ड फिएस्टा या गाड्यांत तो आला. १९९५ मध्ये बॉशनं ही कंपनी घेतली. जगातल्या कोट्यवधी सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक, गाड्यांतल्या पोलादी पट्ट्यांचं मूळ या टिलबर्गमध्ये आहे.

पोलादी पट्टा ऑइलमध्ये बुडून चालतो. ज्या संशोधकाच्या पहिल्या यंत्रात ऑइल चालतच नव्हतं, त्याच्याच दुसऱ्या यंत्रात ऑइलशिवाय पान हलत नाही. इथे ऑइलला उलटसुलट दोन कामं करावी लागतात. त्यानं पोलादाला झिजू द्यायचं नाही, आणि घसरूही द्यायचं नाही. म्हणून सीव्हीटीचं ऑइल आणि नेहमीच्या गिअरच्या ऑटोमॅटिकचं एटीएफ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सीव्हीटीत चुकून साधं एटीएफ ओतलं तर पट्टा कप्पीवर घसरून दोन्हींवर चरे पडू शकतात. घरी काम करणाऱ्यासाठी हा धडा सगळ्यात आधीचा: गाडी ऑटोमॅटिक आहे एवढं कळून उपयोग नाही, ती कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते आधी कळलं पाहिजे.

आयुष्यभराचं ऑइल

पहिला वाद बदलण्याच्या गरजेचा. नव्वदच्या दशकापासून अनेक युरोपीय कंपन्यांनी गिअरबॉक्स बंदिस्त केले, डिपस्टिक काढून टाकली आणि आतलं ऑइल आयुष्यभर पुरेल असं सांगितलं. ही भूमिका पोकळ म्हणून उडवून लावता येत नाही. इंजिनाच्या ऑइलमध्ये जळालेल्या इंधनाची काजळी आणि पेट्रोल उतरतं. गिअरबॉक्समध्ये तसं काही होत नाही. सिंथेटिक ऑइल जुन्या खनिज ऑइलपेक्षा उष्णतेला कितीतरी जास्त टिकतं. बंद यंत्र उघडलं की धूळ जाण्याची, चुकीचं ऑइल पडण्याची, पातळी बिघडण्याची शक्यता असते. आणि न बदललेलं ऑइल म्हणजे तितकंच कमी जळकं ऑइल, हा पर्यावरणाचा मुद्दाही त्यात आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं रसायनशास्त्रावर उभं आहे. उष्णतेनं ऑइलचं ऑक्सिडीकरण होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. घट्टपणा राखणाऱ्या लांब रेणूंचे गिअरच्या दातांत चिरडून तुकडे होतात. घर्षण सांभाळणारे घटक खर्ची पडतात. क्लच प्लेटींच्या कागदी अस्तराची भुकटी आणि धातूची बारीक पूड ऑइलमध्ये फिरत राहते. मग गिअर बदलताना गाडी झटका मारते, किंवा चढावर इंजिन गुरगुरतं आणि गाडी मागे रेंगाळते.

या वादात सगळ्यात वजनदार साक्ष गिअरबॉक्स बनवणाऱ्यांचीच आहे. बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ तिच्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांत जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. मर्सिडीजनं १९९० च्या दशकातल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी आधी आयुष्यभराचं ऑइल सांगितलं आणि नंतर स्वतःच बदलाचं वेळापत्रक दिलं. फोक्सवॅगनच्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकपैकी ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या प्रकाराला तर सुरुवातीपासून दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायचा आहे.

मला या मतभेदाचं मूळ 'आयुष्य' या शब्दात दिसतं. नेदरलँड्समध्ये नव्या गाड्यांचा मोठा हिस्सा लीजवर जातो. पहिला वापरणारा चार-पाच वर्षांत गाडी परत करतो, आणि तेवढ्या काळासाठी आयुष्यभराचं ऑइल खरोखर पुरतं. पण रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय दहा वर्षांहून जास्त आहे. पहिल्या मालकाला दिलेला शब्द तिसऱ्या मालकाच्या उपयोगी पडत नाही. शिवाय कंपन्यांच्या पुस्तिकांत 'कठीण वापर' असा वेगळा रकाना असतो. सपाट देश म्हणून इथल्या गाड्यांना तो लागू नाही असं वाटतं. पण दर उन्हाळ्यात हजारो डच कुटुंबं गाडीला कॅरॅव्हान जोडून फ्रान्सच्या आणि आल्प्सच्या घाटांतून जातात. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमार्फत जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल किती तापतं हे पुणे-मुंबई जुन्या घाटात भरली गाडी चढवणाऱ्याला विचारावं. ऑइल बदलावंच लागतं, या बाजूला आज पुराव्याचं पारडं झुकलेलं आहे.

किती बदलायचं, कसं बदलायचं

खालचा ड्रेन नट सोडला की चेंबरमधलं ऑइल येतं, पण टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमधलं येत नाही. अनेक गाड्यांत एका वेळी निम्म्याहून कमीच ऑइल निघतं. दर वेळी ४० टक्के बदललं असं धरलं तर तीन वेळा केल्यावर सुमारे ७८ टक्के नवं ऑइल आत असेल, शंभर टक्के कधीच नाही. घरी काम करणारे बहुतेक जण हीच पद्धत पत्करतात: आज एकदा, काही शे किलोमीटरनंतर पुन्हा. वेळ जास्त, ऑइल जास्त, पण धोका कमी.

दुसरी पद्धत मशीनची. कूलरच्या नळ्यांना यंत्र जोडून जुनं ऑइल बाहेर आणि नवं आत, असं पूर्ण बदलतात. समर्थकांच्या मते अर्ध्या बदलानं जुना मळ नव्यात मिसळतो, त्यात अर्थ नाही. विरोधकांना काळजी वाटते ती मशीनसोबत वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या द्रव्याची. वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. नेदरलँड्समधली ऑटोमॅटिकची खास गॅरेजं मशीनकडे झुकलेली आहेत. घरी हा मार्ग व्यवहार्य नाही.

याच टप्प्यावर सगळ्यात जुनी भीती येते: 'दीड लाख किलोमीटर ऑइल बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल.' ही भीती पुण्याच्या मेकॅनिककडे ऐकू येते तशीच रॉटरडॅमच्याही. तिच्यामागे एक विचार असा की जुन्या ऑइलमधली अस्तराची भुकटीच झिजलेल्या प्लेटींना पकड देत असते. ती गेली की प्लेट घसरते. उलट विचार असा की लोक ऑइल बदलायला येतात तेच मुळी गाडी झटके मारू लागल्यावर. गिअरबॉक्स तेव्हाच आजारी असतो, आणि दोष मात्र शेवटच्या कामावर येतो. दोन्ही विचार यांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत आणि यावर निकाल लागलेला नाही. एवढं मात्र दोन्ही बाजू मान्य करतात की गाडी आधीच घसरत असेल तर ऑइल हा तिचा इलाज नाही.

ऑइल कोणतं, यावरही मतभेद आहेत. अनेक प्रमाणांना चालणारं एकच ऑइल बाजारात मिळतं आणि स्वस्त पडतं. पण जुन्या डेक्सरॉन तीनचा घट्टपणा शंभर अंशांना साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक होता, तर डेक्सरॉन सहाला तो ६.४ च्या वर चालत नाही. फरक आकड्यात लहान, व्हॉल्व्हच्या बारीक फटींत मोठा. रंगावरून काही ठरवू नये. लाल हा केवळ मिसळलेला रंग आहे, आणि काही ऑइलं मुळातच हिरवी असतात. ऑइल चुकीचं निवडलं तर काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द कंपनीचं आहे. कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीत सिंथेटिक ऑइलमुळे विजेच्या भागात शॉर्ट सर्किट होऊ शकतं म्हणून फोक्सवॅगननं २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या बोलावून त्यांत खनिज ऑइल भरलं. चाकणला बनलेल्या पोलो जीटीतला डीएसजीही याच सात गिअरच्या जातीचा.

घराबाहेर, रस्त्यावर, लिफ्टवर

आता तिसरा प्रश्न. ऑइल बदलण्यात नट सोडणं सोपं आहे. कठीण आहे ती पातळी. ऑइल तापलं की फुगतं. आठ लिटर ऑइल चाळीस अंशांनी तापलं तर त्याचं आकारमान पाव लिटरच्या आसपास वाढतं. डिपस्टिक असलेल्या जुन्या गाडीत हे पाहता येतं. बंदिस्त गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना (झेडएफच्या अनेक गिअरबॉक्सना ३० ते ५० अंश) बाजूचा नट उघडायचा आणि धार थांबून थेंब पडू लागले की बंद करायचा. त्यासाठी ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर हवा. आणि गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली हवी. पुढची दोन चाकं रॅम्पवर चढवून केलेलं माप खोटं निघतं, आणि अशा मापानं भरलेला गिअरबॉक्स कमी ऑइलवर चालत राहतो.

घरी करण्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, मालक घाई करत नाही. तो निघालेलं ऑइल मोजतो, तेवढंच भरतो, चेंबरमधलं चुंबक पुसून पाहतो. करडी लुसलुशीत पूड म्हणजे नेहमीची झीज, चकाकते तुकडे म्हणजे धोक्याची घंटा. ही माहिती गॅरेजच्या बिलावर येत नाही. त्यांचा एक नियम प्रत्येकानं पाठ करावा असा आहे: भरायचा नट आधी सैल करून पाहा, मगच खालचा सोडा. वरचा गंजून बसला असेल आणि खालचं सगळं ऑइल निघून गेलं, तर गाडी जागची हलत नाही.

विरोधी बाजूचं पहिलं म्हणणं जिवाचं आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नये. चार मजबूत स्टँड आणि पक्की जमीन हवी, आणि डच रस्त्यांवरच्या वाळूवर बसवलेल्या विटा पक्क्या नसतात. दुसरं म्हणणं असं की पातळी चुकल्याचं लगेच कळत नाही, कळतं तेव्हा हजारो युरोचं काम झालेलं असतं.

नेदरलँड्समध्ये या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, आणि मला ती या वादात सगळ्यात दुर्लक्षित वाटते. 'डू-हेट-झेल्फ' गॅरेज, म्हणजे तासावर लिफ्ट भाड्यानं देणारी जागा. गाडी सपाट उचलली जाते, हत्यारं मिळतात, जळकं ऑइल तिथेच ठेवता येतं, आणि अडलं तर विचारायला कुणीतरी अनुभवी माणूस असतो. आपल्याकडे गल्लीतल्या गॅरेजवाल्याजवळ उभं राहून काम शिकायची पद्धत होती, तिच्या जवळ जाणारी ही सोय आहे.

माती, कायदा आणि कागद

ऑइल जमिनीवर सांडलं तर काय, हा प्रश्न या देशात साधा नाही. रॉटरडॅमजवळच्या लेकरकर्क गावात १९८० मध्ये उघड झालं की एक अख्खी वसाहत रासायनिक कचऱ्याची पिंपं पुरलेल्या जमिनीवर उभी आहे. शेकडो रहिवाशांना घरं सोडावी लागली. त्या धक्क्यातून या देशात माती साफ करण्याचे आणि जपण्याचे कायदे घडले. आज तो विषय १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या पर्यावरण कायद्यात, ऑमखेव्हिंग्सवेटमध्ये, सामावला आहे. जमीन घाण न करण्याची जबाबदारी प्रत्येक नागरिकावर आहे, मग गाडी स्वतःची आणि अंगणही स्वतःचं असो. शिवाय प्रत्येक नगरपालिकेचे रस्त्यासंबंधी आपले नियम असतात आणि ते गावागणिक बदलतात. रस्त्यावर ऑइल बदलण्याचा विचार असेल तर ते आधी वाचावेत.

जळकं ऑइल नगरपालिकेच्या मिलियूस्ट्राटवर, म्हणजे कचरा वर्गीकरण केंद्रावर, घरगुती रासायनिक कचरा म्हणून देता येतं. त्यात ब्रेकचं तेल किंवा कूलंट मिसळू नये. मिसळलेलं ऑइल पुन्हा वापरात आणणं अवघड होतं. महाराष्ट्रात जळकं ऑइल बांधकामाच्या फळ्यांना आणि वाळवी लागलेल्या लाकडाला फासायची सवय अनेकांनी पाहिली आहे. ती सवय इथे आणू नये, आणि तिथेही सोडावी.

वॉरंटीबाबत थोडक्यात: युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानं, ज्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे, गाडी स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्त केली म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. पण मालकानं स्वतः केलेल्या कामाचा पुरावा त्यानंच द्यायचा असतो. गाडीच्या सक्तीच्या तपासणीत गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं हे कुणी विचारत नाही. २०१४ पासून किलोमीटरची नोंद एर-डे-वे या सरकारी संस्थेकडे जाते, पण ती गॅरेजमार्फत. घरच्या कामाची नोंद कुठेच होत नाही. ऑइलची पावती, डब्यावरचं प्रमाण आणि त्या दिवशीच्या मीटरचा फोटो वहीत लावला तर पुढच्या मालकाला आधार राहतो.

आज वाद कुठे उभा आहे

ऑइल बदलावं, यावर गिअरबॉक्स बनवणाऱ्यांचं आणि दुरुस्त करणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं आहे. गाड्या विकणाऱ्या काही कंपन्यांची कागदावरची भूमिका अजून जुनीच आहे. पूर्ण बदल की अर्धा, आणि फार जुन्या गिअरबॉक्सला हात लावावा का, हे दोन प्रश्न उघडे आहेत. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विजेवर चालणाऱ्या होत्या. त्यांत गिअर बदलण्याची यंत्रणा बहुधा नसतेच, पण वेग उतरवणाऱ्या दातेरी चाकांना ऑइल असतं. त्याच्याही बाबतीत 'आयुष्यभर' हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला आहे.

घरी करावं का, याचं माझं उत्तर गाडीच्या जातीवर अवलंबून आहे. डिपस्टिक असलेली जुनी जपानी ऑटोमॅटिक असेल, सपाट जागा आणि चार स्टँड असतील, तर हे काम सावध माणसाच्या आवाक्यातलं आहे. तापमानावर पातळी मोजायचा बंदिस्त गिअरबॉक्स किंवा सीव्हीटी असेल तर लिफ्ट भाड्यानं घ्यावी, स्कॅनर सोबत न्यावा आणि ऑइल फक्त पुस्तिकेत लिहिलेलंच वापरावं. दोन क्लचचा डीएसजी जाणकाराच्या हाती द्यावा. आणि सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं, आणि त्याची पावती कुठे आहे?